वेबसाईट, १ नग

ते बिल मी अजून जपून ठेवलंय. त्यावर एकच ओळ: 'वेबसाईट, १ नग, १८,००० रुपये'. अडतीवरची पट्टीसुद्धा यापेक्षा बरी असते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळं वेगवेगळं मांडलेलं असतं. तिथं मी पाच रुपयांसाठी वाद घालतो. इथं मात्र बिल घडी करून खिशात घातलं.

वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या अलीकडं आमचं शेत. हळद शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मार्केटला घालायची, वर्षानुवर्षं हेच. मग बायकोनं दळून पाकिटं करायला सुरुवात केली. पुण्याच्या पाहुण्यांनी नेली, त्यांच्या शेजाऱ्यांनी मागवली, आणि वेबसाईटचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. नांदेडला पुतण्याच्या ओळखीचा एक पोरगा ही कामं करायचा. बोलायला गोड. "काका, टेन्शन घेऊ नका, सगळं आपल्याकडं लागलं."

नावावर आम्ही पंधरा दिवस घातले. गावाचं नाव आणि पुढं हळद, एवढंच साधं मला पाहिजे होतं. पोरगा म्हणाला, ते गेलंय काका, मधी एक आडवी रेघ टाकू, डॉट इन घेऊ. मी म्हटलं टाक. रेघेनं काय बिघडतंय?

बिघडलं ते फोनवर. गिऱ्हाईक विचारायचं, "वसमत बी ने का व्ही ने?" आता रेल्वे स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत बी आहे, आम्ही पाकिटावर व्ही छापलेला. शेवटी टी, का टीएच? मग "आडवी रेघ म्हणजे खालची का मधली?" मग हळद म्हटलं तरी निम्मे लोक हल्दी टाइप करायचे. अंबाजोगाईच्या एका बाईंनी तीनदा लिहून घेतलं आणि चौथ्यांदा म्हणाल्या, "राहू द्या हो भाऊ, व्हॉट्सॲपवरच पाठवा." जे नाव तोंडानं एकदा सांगून समोरच्याला लिहिता येत नाही ते घेऊच नये, हे मला तेव्हा कळलं. पण तोवर ५,००० पाकिटं छापून आली होती.

खरा दणका दुसऱ्या वर्षी बसला. एका सकाळी वेबसाईट बंद, त्याच नावावरचा ईमेलही बंद. पोराला फोन लावला. "काका, रिन्यूअल आहे. नाव, होस्टिंग आणि मेंटेनन्स मिळून ४०,००० होतील." मी म्हटलं, मग नाव माझ्या ताब्यात दे, मी माझं बघतो. तर म्हणाला, "नाव कंपनीचं आहे काका."

वेबसाईटच्या नावाला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीवर मिळतं. वर्षावर्षानं वाढवायचं, नाहीतर एकदम जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घ्यायचं. साध्या डॉट इन किंवा डॉट कॉम नावाला वर्षाला साधारण हजाराच्या आगंमागं खर्च येतो. ज्याच्या नावावर आणि ज्याच्या ईमेलवर नोंद, तो मालक. मुदत संपत आल्याची सूचना त्यालाच जाते. दुसऱ्या कंपनीकडं हलवायचं तर जो ऑथ कोड, म्हणजे परवानगीचा गुप्त आकडा, लागतो तो त्याच्याच खात्यातून निघतो. मी पैसे दिले होते, पण सातबारा त्याच्या नावावर होता.

हा सातबारा कुणालाही बघता येतो, त्याला हूइज म्हणतात. माणसाचं नाव आणि फोन आता बहुतेक झाकलेले असतात, पण नोंदणीची तारीख, मुदत, आणि डॉट इनला बऱ्याचदा संस्थेचं नाव दिसतं. पुतण्यानं मोबाईलवर काढून दाखवलं. संस्थेच्या रकान्यात त्या पोराचं दुकान. मग मी सहज म्हटलं, ते बिनरेघेचं नाव पण बघ रे, जे 'गेलंय' म्हणाला होता. नोंदणीची तारीख आमच्या नावानंतर चौथ्या दिवसाची निघाली! म्हणजे आम्ही विचारलं तेव्हा ते बहुतेक मोकळंच होतं. कुणी घेतलं ते झाकलेलं आहे, त्यामुळं आरोप करत नाही. तुम्हीच समजून घ्या.

पोलीस ठाण्यात गेलो. "४०,००० दिले का?" नाही. "मग गेलं काय तुमचं?" वकिलाकडं गेलो. डॉट इन चालवणाऱ्या निक्सी या संस्थेकडं नावाच्या वादाची तक्रार करता येते, आयएनडीआरपी म्हणतात त्याला. पण त्या नावावर आपला हक्क आधी दाखवावा लागतो, ट्रेडमार्क वगैरे. वकील माझ्याकडं बघून हसले. "वसमत गावाचं, हळद सगळ्यांची. त्यात तुमचं काय आहे?" बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. आमच्या भागातल्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे. ते नाव माझ्या एकट्याचं होणारच नव्हतं.

४०,००० दिले नाहीत. आजीच्या नावावरून नवं डोमेन घेतलं. घेण्याआधी परभणीच्या बहिणीला फोनवर एकदाच नाव सांगितलं आणि टाइप करायला लावलं. बरोबर आलं, तेव्हाच पैसे भरले. खातं माझं, ईमेल माझा (आणि तो जीमेलचा, त्याच डोमेनवरचा नाही), कार्ड माझं, मोबाईल नंबर माझा. नवी वेबसाईट दुसऱ्याकडून करून घेतली, पण डोमेनचा पासवर्ड त्याला दिला नाही. त्यानं सर्व्हरचे दोन पत्ते पाठवले, मीच बसून डोमेनच्या खात्यात भरले. अर्धा तास लागला, दोनदा चुकलं.

उरलेल्या पाकिटांवर लेकरांनी स्टिकर चिकटवले, चार संध्याकाळी लागल्या. बोटं पिवळी, स्टिकरवरही पिवळे ठसे. बायको म्हणाली, असू दे, भेसळ नाही हे तरी कळंल.

जुन्या नावाची मुदत नांदेडच्या त्या पोरानं अजून एक वर्ष वाढवलीय. ते मोकळं झालं तरी घेणार नाही असं घरी सांगून ठेवलंय. तारीख मात्र पाठ आहे.