ग्राउंड पक्कं, पेपर कच्चा: गंगापूर रोडवरची एक भरती बॅच

बारावीनंतर पोलिसाच्या वर्दीची वाट धरणाऱ्यांसाठीची ही नाशिकमधली निवासी बॅच. नावात ‘अकॅडमी’ असल्यामुळे गावाकडच्या पालकांचा घोळ होतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी सरकारी आहे आणि तिथे फौजदार व वरचे अधिकारी निवड झाल्यावर प्रशिक्षणाला जातात. इथे निवडीआधीची तयारी होते, तीही मुख्यतः पोलीस शिपाई भरतीची.

पैसे वसूल होतात ते ग्राउंडवर, म्हणजे शारीरिक चाचणीच्या तयारीत. मुलांची 1600 मीटर धाव 20 गुणांची, 100 मीटर 15 आणि गोळाफेक 15. मुलींना 1600 ऐवजी 800. पात्र ठरायला 50 पैकी 25 पुरतात, पण लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. त्यामुळे पंचविशीवर समाधान मानणारा घरी बसतो. इथले प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून पूर्ण गुणांचंच माप डोळ्यांसमोर ठेवतात: मुलांना 1600 साठी 5 मिनिटं 10 सेकंद, मुलींना 800 साठी 2 मिनिटं 50 सेकंद.

5 मिनिटं 10 सेकंद म्हणजे 400 मीटरची एक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. नवी पोरं पहिली फेरी सत्तरच्या आत मारतात आणि तिसरीत पार गळतात. म्हणून इथे पहिले काही आठवडे फेरीगणिक वेळ ओरडून सांगतात आणि पहिली फेरी पंचाहत्तरच्या आत आली तर पुन्हा पळवतात. पद्धत कडक आहे, पण बरोबर आहे. अडचण मैदानाची. यांचा ट्रॅक 200 मीटरचा, म्हणजे वरची एक फेरी इथे दोन चकरांची, एकूण आठ चकरा आणि दुप्पट वळणं. प्रत्येक वळणावर वेग तुटतो, शिवाय डावी नडगी भरून येते. काळी माती उन्हाळ्यात सिमेंटसारखी होते, पावसाळ्यात बुटाला किलोभर चिकटते. नडगीला आतल्या बाजूने बोटाने दाबून दुखलं तर आठवडाभर धाव बंद ठेवायला हवी. इथे मात्र बर्फ चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करतात. हे चूक आहे.

गोळा मात्र इथल्यासारखा फार कमी ठिकाणी शिकवत असतील. मुलांचा 7.260 किलोचा, 8.50 मीटरला पूर्ण गुण. मुलींचा 4 किलोचा, 6 मीटरला पूर्ण. बहुतेकांची चूक तीच असते: गोळा तळहातात घेऊन क्रिकेटच्या बॉलसारखा मागून फेकायचा. तो फाऊल तर धरला जातोच, खांदाही निखळू शकतो. इथे आधी टेनिस बॉल मानेला चिकटवून कोपर वर ठेवायची सवय लावतात. गोळा बोटांच्या मुळांवर, हनुवटीखाली. जोर मागच्या पायातून, मग कंबर आणि शेवटी हात. फेकल्यावर वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातूनच बाहेर पडायचं, हे रोज घोटून घेतात. लांब गेलेला गोळा पुढे पाय पडल्यामुळे बाद होणं, यासारखं दुःख नाही.

100 मीटरच्या वेळांवर भरवसा ठेवू नका. वेळ हातातल्या घड्याळावर घेतात, आणि ती इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंद कमी भरते. इथले 11.40 म्हणजे पूर्ण गुणांचे 11.50 हातातून गेलेच समजा.

आता लेखी. 100 गुण, 90 मिनिटं. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. गणित-बुद्धिमत्तेचे सर चांगले आहेत. कायद्याच्या नोट्स मात्र जुन्याच छापल्या आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. नोट्समध्ये अजून जुन्या दंड संहितेतले खून 302, फसवणूक 420. नव्या न्याय संहितेत खून कलम 103, चोरी 303, फसवणूक 318. कलमंच 358 असल्याने 420 उरलंच नाही. 302 आहे, पण ते धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. सगळ्यात फसवं कलम 173: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते दोषारोपपत्राचं होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एफआयआरचं. दोषारोपपत्र आता 193 ला गेलं आहे. जुनं पाठ केलेल्याला हा आकडा ओळखीचा वाटतो आणि तो छातीठोकपणे चुकीचा गोल काळा करतो. नोट्स बाजूला ठेवा, मूळ कायद्यांच्या नव्या प्रती घ्या.

अर्ज भरून देण्याची सोय उत्तम. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण हे भरतीचे दोन वेगळे घटक आहेत, आणि एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. जास्तीचा अर्ज केला की उमेदवारी धोक्यात येते. दहावीच्या सनदेवरचं आणि आधारवरचं नाव इथे अक्षरन् अक्षर ताडून पाहतात, नॉन-क्रिमिलेअरची मुदतही बघतात. राज्य राखीव दलाकडे डोळा असेल तर आधीच सांगा: तिथे उंची 168 सेंटीमीटर लागते (शिपाई भरतीत मुलांना 165) आणि धाव 5 किलोमीटरची, त्यामुळे सरावच वेगळा. तशी स्वतंत्र बॅच इथे नाही.

खानावळीचे पैसे वेगळे, हे फी भरताना कुणी आपणहून सांगत नाही. सकाळी मोड आलेली मटकी आणि अंडी, रात्री पातळ डाळ. पळणाऱ्या पोराला रात्रीचं कमी पडतं.

फौजदार व्हायचं असेल तर पदवी लागते, आणि या बॅचच्या वेळापत्रकात नियमित कॉलेज बसत नाही. बरीच मुलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतात, ते जमतं. वकिलीतून सरकारी अभियोक्ता व्हायचा विचार असेल तर लॉ कॉलेजची हजेरी सांभाळून इथलं पहाटेचं ग्राउंड झेपणार नाही. त्यांनी इकडे येऊच नये.

शक्य असेल तर फक्त ग्राउंडची बॅच घ्या, ती वेगळी मिळते. फलकावर तिचा उल्लेख नाही. ऑफिसात विचारावं लागतं.