मीटरवर '१' दिसला आणि गिटारचे चांगले पिकअप हातचे गेले

हे लिहितोय ते ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या पार्टीत, लग्नाच्या संगीतात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरांसाठी. आपल्याकडे ढोलकीला शाई भरणारा मिळतो, कीबोर्डचं बटण बसवून देणाराही मिळतो. पण गिटारच्या पोटातलं कळणारा माणूस परभणी-हिंगोलीकडे शोधून सापडत नाही. मग आपण गिटार पाठीला लावून मोठ्या शहरात जातो आणि समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो. मीही डोलावली. त्यात दहा हजार सातशे रुपये गेले, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे माझ्या गिटारचे मूळ पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवणारे भाग, गेले.

माझी गिटार यामाहाची पॅसिफिका ११२ व्ही. २०१६ साली पुण्यातून सेकंड हँड घेतलेली. नेकला (दांड्याकडे) आणि मध्ये सिंगल कॉइल म्हणजे एकाच गुंडाळीचे पिकअप, ब्रिजला (तारा बसतात त्या टोकाला) हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा. महागडी गिटार नाही, पण तिच्यातले पिकअप अल्निको ५ चुंबकाचे आहेत आणि नेक पिकअपचा आवाज इतका मोकळा होता की गायक स्वतःहून म्हणायचे, तो 'गोड आवाज' लाव.

मागच्या दिवाळीनंतर दोन त्रास सुरू झाले. एक, मधूनच आवाज तुटायचा. दुसरा, मांडवात 'घूंऽऽ' असा सतत आवाज यायचा. दुसऱ्याचं कारण मला अर्धवट ठाऊक होतं. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली केसाइतकी बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. ती गिटारच्या तारेचं कंपन पकडते, तशी आजूबाजूच्या वायरिंगची ५० हर्ट्‌झची गुणगुणही पकडते. आपल्या मांडवात जनरेटरला धड अर्थिंग नसतं, लाइटवाल्याची वायर आपल्या वायरीला चिकटून गेलेली असते. गुणगुण येणारच. ती मारण्यासाठीच गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी हंबकर काढला: दोन कॉइल उलट वेढ्यांच्या आणि उलट ध्रुवांच्या, म्हणजे गुणगुण एकमेकींत जिरते आणि सूर तेवढा उरतो. १९५५ साली पेटंटचा अर्ज झाला, १९५९ साली ते मिळालं.

मनातलं खरं सांगायचं तर मला पिकअप बदलायचेच होते. बदलण्याची कारणं खरी असतात. कुणाला गुणगुण नको असते. कुणाला डिस्टॉर्शनसाठी, म्हणजे फाटलेल्या रॉक आवाजासाठी, जोराचा सिग्नल हवा असतो. कुणाचा पिकअप मेणात नीट बुडवलेला नसतो आणि आवाज वाढवला की शिट्टी मारतो. कुणाला आवाज फार टोचरा वाटतो, कुणाला फार बोदा. मला सोलोला भरीव आवाज हवा होता. फसवणाऱ्याला आपल्या मनातली हीच इच्छा लागते. तो खोटं नव्याने रचत नाही, आपल्या इच्छेला दुजोरा देतो.

फेब्रुवारीत सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने संभाजीनगरला गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. दुकानदार गोड बोलणारा, वयाने माझ्याएवढाच. त्याने गिटार लावून दोन सूर छेडले आणि म्हणाला, "दादा, आवाजात जीव नाही. चुंबक बसलेत. आठ-नऊ वर्षांत बसतातच." मग पिकगार्ड (गिटारवरची प्लास्टिकची पट्टी) उघडलं, पिवळा मल्टिमीटर काढला, नेक पिकअपच्या दोन तारांना टोकं लावली. पडद्यावर डाव्या कडेला एकटा '१'. मधल्याला लावली. पुन्हा '१'. "बघा, कॉइल आतून तुटली. दोन्ही गेले. आज ना उद्या स्टेजवर दगा देणार."

मी मोबाइलवर त्या मीटरचा फोटो काढला आणि धाकट्या भावाला पाठवला, कारण पैसे त्याच्याकडून घ्यायचे होते. आज माझ्याजवळ पुरावा म्हणून जे काही आहे त्यात तो फोटो पहिला.

मग त्याने पिकअपची एक जोडी दाखवली. 'इम्पोर्टेड, अल्निको, हाताने गुंडाळलेले.' खोका नव्हता. विचारलं तर म्हणाला, ड्यूटी वाचवायला खोके तिकडेच काढून माल आणतो, खोक्यासकट घेतलात तर पाच हजार जास्त पडतील. साडेनऊ हजार पिकअपचे, बाराशे बसवण्याचे. बिल मागितलं तेव्हा व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर 'पिकअप २ नग' लिहून दिलं. जुने पिकअप मागायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मेलेली वस्तू कोण घरी नेतो? परतीच्या गाडीची वेळ झाली होती, मी निघालो.

घरी आवाज ऐकला तेव्हा पोटात कालवलं. आवाज मोठा होता, पण कोरडा आणि किरकिरा. गोडवा कुठेच नव्हता. मनाला समजावलं की नवीन आहे, कानाला सवय होईल. इतके पैसे घातल्यावर माणूस स्वतःच्या कानाला खोटं ठरवतो.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात, पूर्णेजवळच्या एका गावात, दुसऱ्याच गीताच्या सुरुवातीच्या सोलोत आवाज तुटला. नुसती 'घूंऽऽ' उरली. समोर बायका-लेकरांसकट सगळं गाव बसलेलं, वर्षभर या रात्रीची वाट पाहिलेली माणसं. कीबोर्डवाल्याने तो तुकडा उचलला म्हणून निभावलं. ज्या त्रासासाठी एवढे पैसे मोजले तो जसाच्या तसा परत आला होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या मोटारी भरणारे एक मामा आहेत. आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळणारा माणूस. गिटार त्यांनी कधी हातात धरलेली नव्हती. मी म्हटलं, मामा, यातही वाइंडिंगच आहे, जरा बघा. त्यांनी चष्मा पुसला आणि आधी जॅक उघडला, जिथे वायर खोचतो तो. अर्थची तार एका धाग्यावर लटकत होती. बोट लावलं की तुटायची, सोडलं की चिकटायची. "हे बघ तुझं दुखणं," म्हणाले. पाच मिनिटांत सोल्डर मारलं. तुटणारा आवाज थांबला आणि 'घूं'चा मोठा भागही गेला. त्या दुकानदाराने या जॅकला हातसुद्धा लावला नव्हता.

मग मी तो फोटो दाखवला. मामांनी तो बोटांनी मोठा केला. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, खालच्या चकतीकडे पाहिलं. "अरे, मीटर दोन हजारावर ठेवलंय की! हे तुला काय दाखवायलंय? 'माझ्या मापाच्या बाहेर आहे' एवढंच सांगायलंय. तुटली असं कुठं म्हणायलंय?"

हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक या एका '१' वर उभी होती. सिंगल कॉइल पिकअपचा रोध साधारण ५.५ ते ७ किलो-ओहम असतो, म्हणजे साडेपाच ते सात हजार ओहम. मीटरची चकती २००० वर असेल तर इतका रोध त्यात मावत नाही आणि असं साधं मीटर डावीकडे '१' दाखवतं. चकती '२० के' वर घेतली की खरा आकडा येतो. कॉइल खरंच तुटलेली असेल तर '२० के' वरही '१' आणि '२०० के' वरही '१'. मामांनी माझ्यासमोर ब्रिजच्या हंबकरला मीटर लावलं, जो आजही मूळचाच आहे आणि व्यवस्थित वाजतो. २००० वर '१'. '२० के' वर आकडा उभा. मग दुकानदाराने बसवलेल्या नव्या पिकअपला लावलं. २००० वर त्यालाही '१'. त्याच्या हिशेबाने त्याने मला दोन मेलेले पिकअप विकले होते.

आणि सगळ्यात जास्त सलतं ते हे: त्या सकाळी दुकानात माझा नेक पिकअप वाजला होता. त्याने स्वतः वाजवला, मी कानांनी ऐकला. तुटलेल्या कॉइलमधून असा भरलेला सूर येत नाही. चुंबक 'बसण्याचं'ही तसंच. अल्निको चुंबक साध्या वापरात आठ-नऊ वर्षांत मरत नाही, कितीतरी दशकं जुने पिकअप आजही वाजतात.

मग नवे पिकअप काढून पालथे केले. खाली काळपट पट्टी चिकटवलेली, वरचे सहा खांब (प्रत्येक तारेखाली एक) साध्या लोखंडाचे. अल्निको सिंगल कॉइलमध्ये बहुतेक ते सहा खांब स्वतःच चुंबक असतात, खाली पट्टी लागत नाही. मामांनी मीटर कंटिन्युइटीवर (वीज आरपार गेली की बीप देतं त्या खुणेवर) घेऊन त्या पट्टीला दोन्ही टोकं लावली. बीप नाही. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू, त्यातून वीज जाते. सिरॅमिक चुंबकातून जात नाही. मी पैसे अल्निकोचे दिले आणि घरी सिरॅमिक आणलं. सिरॅमिक पिकअप वाईटच असतात असं मी म्हणणार नाही, जोरकस डिस्टॉर्शन वाजवणारे कितीतरी जण मुद्दाम तेच घेतात. पण मला ते नको होते, आणि ते या किमतीचेही नव्हते.

स्विचवर जुन्या तारांचे अर्ध्या इंचाचे दोन तुकडे तसेच लटकत होते, टोकाला कारखान्यातलं गुळगुळीत सोल्डर. सोल्डर वितळवून तारा मोकळ्या करण्याइतकाही वेळ त्याने घेतला नाही. पिकअप कटरने कापून काढले आणि ठेवून घेतले.

फोन केला. आधी म्हणाला, जुने भंगारात गेले. फोटोचं सांगितल्यावर म्हणाला, मीटरचं तुम्हाला काय कळतं. नंतर फोन उचलणंच बंद केलं. पैसे मी यूपीआयने दिले होते, तेवढी नोंद आहे. तो फोटो, कार्डाची पाठ आणि यूपीआयची नोंद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार टाकली आहे. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तुमच्यापैकी कुणी गिटार घेऊन निघणार असेल तर आधी घरी एक करा. गिटार ॲम्पला लावा, आवाज बेताचा ठेवा आणि स्क्रू-ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपच्या खांबावर हलकेच टकटक करा. 'टक' ऐकू आलं की पिकअप जिवंत आहे. मग दोष जॅकमध्ये, स्विचमध्ये किंवा पॉटमध्ये (आवाज-टोनच्या फिरत्या बटणात) शोधायचा. दुकानात मीटर लागलं तर पडद्याआधी चकती बघा. आणि बदललेला पिकअप जिवंत असो की मेलेला, तो हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदाराला तो का ठेवून घ्यायचाय, हे तिथंच तोंडावर विचारा.

लग्नसराई सुरू आहे. सध्या ब्रिजच्या हंबकरवरच भागवतोय, तो एकच आवाज ओळखीचा उरलाय. नेकसाठी पैसे साठवतोय. तो बसवायचा तो मामांच्याच टेबलावर, मोटारींच्या वार्निशच्या वासात. मामांनी त्यासाठी आजच एक बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न मागवून ठेवलंय.