‘अनफेथफुली युअर्स’ : १९४८चा बघायचा की १९८४चा?

नाव एकच, गोष्टही एकच. एका नामवंत वाद्यवृंद संचालकाच्या मनात तरुण बायकोबद्दल संशय पेरला जातो आणि भर मैफलीत, छडी हातात असताना, तो तिचा सूड कसा घ्यायचा ते मनातल्या मनात रचत जातो. १९४८चा सिनेमा प्रेस्टन स्टर्जेस यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. तो कृष्णधवल आहे, पावणेदोन तासांचा, आणि त्यात रेक्स हॅरिसन व लिंडा डार्नेल आहेत. १९८४चा हॉवर्ड झीफ यांचा रंगीत सिनेमा दीड तासाच्या आसपास संपतो. त्यात डडली मूर आणि नास्तासिया किन्स्की. एकच संध्याकाळ मोकळी असेल तर जुनाच बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी काहींना नवा जास्त रुचेल, आणि त्याला कारणं आहेत.

फरकाचं मूळ संगीतात आहे. जुन्या सिनेमात सर आल्फ्रेड (रेक्स हॅरिसन) एका मैफलीत तीन रचना वाजवतात आणि प्रत्येक रचनेसोबत त्यांच्या डोक्यात वेगळा बेत शिजतो. रोसिनीच्या ‘सेमिरामिदे’च्या सुरावटीवर ते वस्तऱ्याने बायकोचा खून करतात आणि आळ तिच्या कथित प्रियकरावर, म्हणजे स्वतःच्या सेक्रेटरीवर, टाकतात. वाग्नरच्या ‘टानहॉयझर’वर मन एकदम उदार होतं. तारुण्याने तारुण्याकडे जावं हे साहजिकच, असं म्हणत ते बायकोला एक लाख डॉलरचा चेक लिहून देतात. चायकोव्हस्कीच्या ‘फ्रांचेस्का दा रिमिनी’वर गोष्ट रिव्हॉल्व्हरच्या जीवघेण्या जुगारापर्यंत जाते. म्हणजे मत्सर एकच, पण तो खुनशी होणार, त्यागी होणार की आत्मघातकी, हे समोरची रचना ठरवते. प्रसंग लिहिताना कानावर पडणाऱ्या संगीताने आपलं लेखन भलतीकडे वळतं, हे स्टर्जेस यांच्या स्वतःच्या लक्षात आलं होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या अनुभवातून ही कल्पना निघाली. आणि खुनाचा बेत मनात घोळत असताना वाद्यवृंद असा काही रंगतो की श्रोते बेभान होऊन टाळ्या वाजवतात! ही क्रूर गंमत मला या सिनेमाचा गाभा वाटते.

१९८४च्या सिनेमात तीन बेतांऐवजी एकच उरतो. चायकोव्हस्कीच्या व्हायोलिन कॉन्चेर्टोवर (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) खुनाचा बेत, आणि व्हायोलिन वाजवणारा माक्स (आर्मंड असांते) हाच संशयित. प्रतिस्पर्धी त्याच मंचावर, नायकाच्या इशाऱ्यांवर वाजवतो आहे, ही कल्पना चांगलीच आहे. रेस्टॉरंटमध्ये दोघे ‘चार्दाश’ या हंगेरियन नृत्यधुनेवर व्हायोलिनची जी जुगलबंदी करतात ती नुसती त्या प्रसंगासाठीही बघावी. डडली मूर स्वतः पट्टीचे पियानोवादक होते आणि संगीताशी असलेली ती जवळीक दिसते. पण तीन बेत गेले की मूळ विचारही जातो. उरतो एक संशयी नवरा आणि फसलेला कट.

संशय कसा शिरतो, तेही पाहण्याजोगं आहे. आल्फ्रेड दौऱ्यावर निघताना साडूला सहज म्हणून जातात, बायकोकडे जरा लक्ष ठेवा. साडूमहाशय थेट गुप्तहेर नेमतात. आल्फ्रेड तो अहवाल न वाचताच फाडतात, पण कोणी ना कोणी तो पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचवतंच. भल्या माणसाला संशयाकडे असं लोटत नेणं मला फार खरं वाटतं. गुप्तहेराच्या कचेरीतला प्रसंग तर अप्रतिम आहे. जाब विचारायला गेलेल्या आल्फ्रेडना तिथे भेटतो तो त्यांच्याच संगीताचा निस्सीम भक्त. नव्या सिनेमातही गैरसमजातूनच हेर मागे लागतो, पण तिथे सगळं भराभर उरकलं आहे.

मैफल संपल्यावर आल्फ्रेड घरी येऊन बेत प्रत्यक्षात आणायला जातात, आणि इथे प्रेक्षकांचे दोन तट पडतात. वेताच्या खुर्चीतून पाय आरपार जातो, शाई सांडते, वस्तऱ्याने स्वतःचाच अंगठा कापतो. ‘अगदी सोपं’ म्हणून विकलेलं ध्वनिमुद्रण यंत्र काही केल्या ऐकत नाही. हा भाग लांब आहे आणि त्यात बराच वेळ संवाद जवळजवळ नाहीतच. काहींना तो ताणलेला वाटतो. मला वाटत नाही, कारण कल्पनेत ज्या हातांना सगळं सफाईने जमलं, त्याच हातांना आता हातमोजासुद्धा जुमानत नाही. नव्यात हीच धांदल आटोपशीर आहे. मूर यांची शारीरिक विनोदाची समज पक्की असल्याने हसूही सहज येतं.

बायकोच्या भूमिकेत मात्र तुलनाच नको. डॅफ्नी हे जुन्या सिनेमातल्या बायकोचं नाव, आणि लिंडा डार्नेल यांना एका सिनेमात चार डॅफ्नी उभ्या कराव्या लागल्या : नवऱ्याच्या कल्पनेतल्या तीन आणि एक खरी. त्यांच्या या कामाची व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही, याची मला खंत आहे. किन्स्की यांना एवढा वावच मिळालेला नाही. एक उणीव दोन्हीकडे सारखीच आहे. खऱ्या बायकोला स्वतःच्या मनातलं बोलायला जागा फार थोडी आहे.

जुना सिनेमा प्रदर्शनावेळी पडला. त्याच वर्षी जुलैत अभिनेत्री कॅरोल लँडिस यांनी आत्महत्या केली होती आणि हॅरिसन यांच्याशी त्यांचे संबंध होते. खुनाच्या कल्पनेवर हसवणाऱ्या सिनेमाचा गाजावाजा त्या वातावरणात करणं स्टुडिओला अवघड झालं. मान मिळाला तो पुष्कळ नंतर.

आता निवडीचं. जुन्याचा पहिला अर्धा तास संवादांचाच आहे आणि ते भरधाव आहेत, म्हणून सबटायटल लावूनच बघा. वस्तऱ्याचा प्रसंग रक्त न दाखवताही अंगावर येतो, त्यामुळे लहान मुलं सोबत असतील तर टाळा. कृष्णधवल सिनेमाची सवय नसलेल्या घरात, जेवणानंतर सगळ्यांनी मिळून हसायचं असेल तर १९८४चा बिनधास्त लावा. दोन्ही बघणार असाल तर आधी १९४८चाच बघा. संशयाचा उलगडा दोन्हीकडे बराच सारखा आहे, आणि तो पहिल्यांदा स्टर्जेस यांच्याकडूनच कळलेला बरा.