अथेन्सचे राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय: पुरुषदेहाची शिल्पदालने

ग्रीक शिल्पातील नग्न पुरुषदेह पाहण्यासाठी अनेक जण रोमला जातात. तिथे मात्र नजरेस पडतात त्या बहुतांशी रोमन काळात संगमरवरात केलेल्या नकला. अथेन्सच्या या संग्रहालयात मूळ ग्रीक कामे साधारण कालक्रमाने मांडलेली आहेत आणि आदर्श देह म्हणून आपण जो एकच साचा गृहीत धरतो, तो पिढ्यानुपिढ्या कसा बदलत गेला हे इथे डोळ्यांनी पडताळता येते.

इसवी सनपूर्व ६००च्या सुमाराचा सुनियोनचा कूरोस, म्हणजे उभ्या नग्न तरुणाचा पुतळा, तीन मीटर उंच आहे. डावा पाय पुढे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. पोटाचे स्नायू म्हणजे निव्वळ रेघांची आखणी आणि कान तर नक्षीच. सुमारे सत्तर वर्षांनंतरचा अनाविसोस येथील क्रॉइसोस नावाच्या तरुणाचा कूरोस त्याच पवित्र्यात उभा असला, तरी त्याच्या मांड्या नि पोटऱ्या जिवंत माणसासारख्या भरल्या आहेत. त्याचा मानल्या जाणाऱ्या चौथऱ्यावरील लेख वाटसरूला थांबून शोक करण्यास सांगतो, कारण हा तरुण आघाडीवर लढताना पडला. इथली नग्नता लाजेची नसून मानाची आहे, पण तो मान फक्त पुरुषांचा: १९७२ साली मेरेंदा येथे एका कूरोससोबत एकाच खड्ड्यात सापडलेली फ्रासिक्लेया या तरुणीची मूर्ती गळ्यापासून पायांपर्यंत वस्त्रांत आहे.

सर्वाधिक वेळ द्यावा तो आर्टेमिसिओनच्या समुद्रातून निघालेल्या कांस्य देवाला. हातातले शस्त्र हरवल्यामुळे हा झ्यूस की पोसायडन, हा वाद मिटलेला नाही. उजवी टाच उचललेली, दोन्ही हात पसरलेले, डोळ्यांच्या खोबणी रिकाम्या. एवढ्या बलदंड देहाचे लिंग लहान आहे, कारण ग्रीकांच्या लेखी ते संयमाचे लक्षण होते. डेलोस बेटावरचा डिआडुमेनोस, म्हणजे डोक्याला पट्टी बांधणारा तरुण, ही मात्र शिल्पकार पॉलिक्लाइटसच्या हरवलेल्या कांस्यमूर्तीची संगमरवरी नक्कल. प्रमाणबद्धतेवर ग्रंथ लिहिणाऱ्या त्या शिल्पकाराच्या आकृतीला इथे झाडाच्या बुंध्याचा टेकू द्यावा लागला आहे.

आम्ही बाहेरून ठरवलेल्या वाटाड्याने ही दालने भराभर उरकून आम्हाला मायसीनीच्या थडग्यातल्या प्रसिद्ध सोन्याच्या मुखवट्याकडे पिटाळले. म्हणून स्वतंत्रपणे जावे, ग्रीक व इंग्रजी पाट्या वाचाव्यात आणि कांस्य देवाला मागच्या बाजूनेही फेरी मारून पाहावे. पाठीवरचे काम छातीपेक्षा सरस आहे, असे माझे मत.