बोटॉक्स घ्यावं की पापणीचं ऑपरेशन करावं?

इंदिरानगरची माझी मावसबहीण सध्या याच पेचात आहे, लेकीचं लग्न ठरलंय आणि डोळे कायम थकलेले दिसतात म्हणते, त्यात कॉलेज रोडवरच्या जाहिराती बघून अजूनच गोंधळलीय. जाहिराती बाजूलाच ठेवा.

मुळात दोन्हींचं काम वेगळं आहे. बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू सैल पडतात, म्हणून हसताना डोळ्यांच्या कडेला पडणाऱ्या रेषा कमी होतात. पण लोंबणारी कातडी त्याने जात नाही, उलट कपाळावर जास्त दिलं तर भुवया उतरून डोळे आणखी जड दिसतात. ऑपरेशनमध्ये पापणीवरची जादा कातडी काढतात, कडेच्या रेषा मात्र तशाच राहतात.

इंजेक्शन घेऊन लगेच घरी, पूर्ण फरक दिसायला साधारण 2 आठवडे. ऑपरेशनचे टाके आठवड्याभरात निघतात पण सूज आणि काळेनिळेपणा 1-2 आठवडे राहतो, त्यामुळे लग्नाच्या तोंडावर अजिबात नको, 2-3 महिने तरी हातात हवेत. खर्च एकदम मोठा, पण फरक बरीच वर्षं टिकतो. बोटॉक्स 3-4 महिन्यांत उतरतं, मग पुन्हा पैसे.

डोळे कोरडे पडत असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, गोळी मनाने बंद करू नका प्लीज.

फक्त हसताना रेषा दिसत असतील तर बोटॉक्स पुरे. कातडी पापणीच्या केसांवर येऊन वरचं दिसायलाच अडत असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून मग ऑपरेशन.