घाटातल्या उतारानंतर बदललेले ब्रेक पॅड : एका गॅरेजचा अनुभव

कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना पेडल जोरात दाबूनही माझ्या गाडीचा ब्रेक पुरेसा लागेना आणि पुढच्या चाकांपाशी जळका वास येऊ लागला, म्हणून परतल्यावर छत्रपती संभाजीनगरातील एका गॅरेजमध्ये मी पुढचे पॅड बदलून घेतले. मेकॅनिकने जुने पॅड काढून हातात दिले, तेव्हा त्यांचे अस्तर 3 मिलिमीटरपेक्षाही कमी उरले होते आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. 1,200 किलो वजनाची गाडी 100 मीटर उंची उतरते, तेव्हा जवळपास 12 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. इंजिनाने ती अडवली नाही, तर तिच्या बहुतेक भागाची पॅड आणि चाकासोबत फिरणारी डिस्क यांच्या घर्षणातून उष्णता होते, पॅडमधील घटक बांधून ठेवणारी राळ अती तापून वायू सोडते आणि पकड ढिली पडते. मी उतारभर वरच्या गिअरमध्ये राहून ब्रेकवरच पाय ठेवला होता, त्यामुळे इंजिनाने गाडी फारशी अडवलीच नाही.

नवे पॅड बसवण्याआधी डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून ती डिस्कवर कोरलेल्या किमान मापाशी ताडून पाहिली गेली, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावले गेले, आणि हीच काळजी मला सर्वांत मोलाची वाटली. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, अगदी गरज नसेल तर, जोराचा ब्रेक टाळावा, हे मात्र मी विचारल्यावरच कळले. ते आपणहून सांगायला हवे होते. मजुरी रास्त होती. गेल्या आठवड्यात तोच घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो आणि ब्रेक शेवटपर्यंत एकसारखा लागला.