जुनी सायकल ठेवायची की नवी घ्यायची?

नव्या सायकलवर एक चक्कर मारली की घरची सायकल लगेच जड वाटायला लागते. पण त्यातला बराचसा फरक सायकलींचा नसतोच. नवीचे टायर कोरे असतात, केबल सहज सरकतात, ग्रीस ताजं असतं. जुनी मात्र अर्ध्या हवेवर आणि कोरड्या चेनवर धावत असते. म्हणून आधी जुनीला चेन, ब्रेक रबर, बाहेरच्या नळीसकट केबल आणि लागलेच तर टायर नवे घाला, मग तुलना करा. मात्र हा खर्च करण्याआधी फ्रेम तपासा, कारण जुनी ठेवायची की नाही हे तिथेच ठरतं.

फ्रेम पुसून उजेडात उभी करा. हँडलखालची उभी नळी आणि तिथून पायडलकडे येणारी तिरपी नळी यांच्या जोडाखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला, तर सायकल समोरून धडकून नळी दबली असण्याची दाट शक्यता आहे. बॉटम ब्रॅकेटभोवती (पायडलचा आस फिरतो तो भाग) किंवा मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचांजवळ रेघ दिसली, तर तेवढा रंग खरवडा. रंगाबरोबर गेली तर ओरखडा, धातूत राहिली तर तडा. मग दोरा घ्या. मागच्या एका खाचेला बांधून पुढच्या उभ्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. फरक २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाला तर फ्रेम वाकलेली आहे. स्टीलची फ्रेम जाणता कारागीर सरळ करून देतो, तडाही सांधता येतो. अ‍ॅल्युमिनियमला तडा गेला असेल तर पुढची तपासणी करूच नका, नवी घ्या.

आता चेन. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. चेन ताणून पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि २४ कड्या मोजा. शेवटची पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच गेली असेल तर फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकतीही, गेलं असं धरा. ताणलेल्या चेनबरोबर दातेही झिजतात, आणि मग नवी चेन त्या दात्यांत नीट बसत नाही. चढावर जोर दिला की ती उडी मारते. नुसती चेन बदलून ‘अजून घसरते’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

ब्रेकच्या बाबतीत नवी सरस, यात वाद नाही. स्टीलच्या रिमवर रबराचा ब्रेक ओला झाला की पकड फार कमी होते. जुनीला अ‍ॅल्युमिनियमचे रिम बसवले तर फरक लगेच कळतो, तरी पावसात डिस्क ब्रेकची (रिमऐवजी चाकाच्या मध्याजवळच्या चकतीला पकडणाऱ्या) बरोबरी होत नाही. डिस्कचीही स्वतःची पथ्यं आहेत. केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकला खनिज तेल लागतं की डॉट नावाचा ब्रेकचा द्रव, हे कंपनीने ठरवलेलं असतं. एकाच्या जागी दुसरं भरलं की सील खराब होतात. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना भिडतात आणि चाक परत बसत नाही.

गिअरचं गणित साधं आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेल्या बिनगिअरच्या सायकलीत पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक २.४४ वेळा फिरतं. पुढे ३२, मागे ४२ अशा नव्या सायकलीत सर्वांत हलक्या गिअरला ते ०.७६ वेळा फिरतं. रोजच्या वाटेवर खडा चढ असेल किंवा गुडघे कुरकुरत असतील, तर हा आकडा निर्णायक आहे. सपाट रस्ता असेल तर एकच गिअर बरा, बिघडायला काही नाही. वजनाला लोक फार महत्त्व देतात. ते चढावर आणि जिना चढताना जाणवतं, सपाटीवर टायर आणि हवा जास्त बोलतात.

दुरुस्तीत पारडं जुनीकडे झुकतं. कप-कोनचं (कप आणि कोन यांच्यामध्ये सुटे छर्रे असलेलं) बॉटम ब्रॅकेट उघडावं, १/४ इंचाचे छर्रे (बहुतेकांत दोन्ही बाजूंना ११-११) बदलून ग्रीस भरावं, पुन्हा वर्षानुवर्षं चालतं. फक्त इंग्लिश पद्धतीच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, जोर लावण्याआधी हे लक्षात ठेवा. नवीत बहुधा सीलबंद बेअरिंग असतं. ते खराब झालं की अख्खं बदलायचं. नवीच्या मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, मॉडेलगणिक वेगळा असतो. सायकल उजव्या अंगावर पडली की तोच वाकतो, म्हणून सायकल घेतानाच एक जादा हँगर घेऊन ठेवा.

जुनीची खरी अडचण मापांची. ‘२६ इंच’ म्हटलं तरी रिमवर टायर बसतो तिथला व्यास ५५९ आणि ५९० मिलिमीटर अशी दोन वेगळी मापं आहेत, एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेवर ३७-५९० अशासारखा आकडा असतो, तोच दाखवून टायर मागा. मागच्या खाचांमधलं अंतर १२६ मिलिमीटर असेल आणि नवं चाक १३० चं असेल, तर स्टीलची फ्रेम तेवढी रुंदावता येते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीच करू नका.

फ्रेमचं माप अंगाला बसत नसेल तर सीट आणि हँडल हलवून थोडंच साधतं. अशी जुनी सोडलेली बरी. जुनी अंगाला बसलेली असेल तर पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं आणि सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर लिहून घ्या. नवी पाहताना सीट त्याच उंचीला लावा, दोन्हींत हवा नीट भरा आणि एकाच वाटेवरून, त्यातल्या एका चढासकट, लागोपाठ चालवा. मग दोन्हींच्या ब्रेकवर पाणी ओतून रिकाम्या रस्त्यावर सावकाश वेगात ब्रेक लावा आणि किती अंतरावर थांबता ते पावलांनी मोजा.